पिशवी कोणी फोडली

९ जुलै

आज तिसरी पिशवी फुटली. पहिल्या वेळी मी स्वतःला दोष दिला. दुसऱ्या वेळी पिशवीच्या कंपनीला. आता माणूस शोधावा लागणार, आणि तो शोधायची मला लाज वाटत नाही.

राग आला की मी नीट विचार करत नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

माझी बुरशी पोफळीच्या झावळ्या कुजवायच्या ढिगातली. असा ढीग आतून इतका तापतो की हात घातला तर चटका बसतो. बाकीच्या बुरश्या जिथे मरतात तिथे, पन्नास अंशाला, ही मजेत वाढते आणि झायलनेज नावाचं विकर बनवते. गवतात, लाकडात सेल्युलोजचे धागे असतात आणि ते धागे झायलनने लिंपलेले असतात. हे विकर फक्त लिंपण खातं. कागद गिरण्यांना तेच हवं असतं, कारण लिंपण निघालं की लगदा पांढरा करायला क्लोरीन कमी लागतो. अट एकच: सोबत सेल्युलेज, म्हणजे धागेच खाणारं विकर, नको. धागे गेले तर कागद कशाचा करणार? माझ्या बुरशीत सेल्युलेज नाही. मी तपासलं आहे. माझा अख्खा प्रबंध त्या ‘नाही’वर उभा आहे.

विकर शुद्ध करताना त्यात आधी क्षार घालून ते खाली बसवावं लागतं, आणि मग तो क्षार काढावा लागतो. त्यासाठी ते सेल्युलोजच्या पातळ पिशवीत भरायचं, दोन्ही टोकांना गाठी मारायच्या आणि बीकरमधल्या द्रावणात दोन दिवस ढवळत ठेवायचं. क्षार बाहेर जातो, विकर आत राहतं. मिठागरवाल्याची पोर असून मीठ काढून टाकायला शिकलीस, असं बाबा मला चिडवतात.

आज सकाळी पिशवी बीकरमध्ये लोळत होती. गाठी शाबूत. मधेच सुईच्या टोकाएवढी भोकं. विकर सगळं बीकरभर पसरलेलं. तिन्ही मिळून महिन्याची मेहनत मोरीत गेली.

बीकर रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ठेवते. ढवळायचं यंत्र तिथेच आहे आणि इन्व्हर्टरही तिथेच. चावी तुळशीरामकडे आणि रसायनशास्त्र शिकवणाऱ्या पद्माताईंकडे.

११ जुलै

तुळशीरामला विचारलं. तो आमचा प्रयोगशाळा परिचर, रेवदंड्याचा. मी आडून विचारलं, पण त्याला बरोबर कळलं.

“म्याडम, मी हात न्हाय लावला. ती पिशवी म्हंजी कोलंबीचं आतडं वाटतं. तिला हात लावाची विच्छा तरी व्हईल का?”

“झाडताना धक्का लागला असेल.”

“तुमच्या टेबलाकडं मी झाडतच न्हाय. पद्मा म्याडम वरडतात, मोडशील काहीतरी म्हणून.”

म्हणजे पद्माताईंना माझ्या बीकरची काळजी आहे. की दुसऱ्या कोणी तिथे जाऊ नये याची? हे लिहिल्यावर वाईट वाटलं. पण खोडत नाही. मनात आलं ते आलं.

घरी नवऱ्याला, हितेशला, सांगितलं. तो न्हावा शेवा बंदरात कंटेनरच्या गाड्या लावतो, त्याला सगळीकडे चोरीच दिसते. “सील तुटलं ना? मग सीधी बात, आतला माणूस. बाहेरचा आख्खा कंटेनर नेतो, सुईने भोकं पाडत बसत नाही.”

सासूबाई भाकरी थापत होत्या. “तुज्या बुरशीला पन्नास डिग्री नि माज्या आंगोलीला कोमट पानी. आता ती बी फुटली म्हनं. कर आनखी लाड.”

१६ जुलै

चौथी. या वेळी दुहेरी पिशवी लावली होती. दोन्ही गेल्या, आतली आधी.

पद्माताईंबद्दल मी शांतपणे विचार करायचं ठरवलं आहे. बाजू एक: पंधरा वर्षांची ओळख. मी तासिका तत्त्वावर लागले तेव्हा मला पहिला चहा त्यांनी दिला. ढवळायचं यंत्र मागितलं तेव्हा एका शब्दात हो म्हणाल्या. बाजू दोन: ज्या ढिगातून बुरशी काढली तो नागावला त्यांच्याच वाडीत आहे, आणि हे त्या विसरू देत नाहीत. भेटल्या की, “काय कल्पिता, आमची भाडेकरू कशी आहे?” आधी मी हसायचे. आता वाटतं, ‘आमची’ कशाला म्हणायचं? त्यांच्या तीन पिढ्या त्या ढिगावर झावळ्या टाकत आल्या. आत काय जगतंय हे बघायला मिठागरावरची मुलगी यावी लागली. त्यांनी स्वतःची पीएच.डी. दोन वर्षांत सोडलेली आहे. माझी नोंदणी डिसेंबरअखेर संपते, त्यानंतर मुदतवाढ नाही. हे त्यांना माहीत आहे.

यात पुरावा एकही नाही. तेही लिहून ठेवते.

१८ जुलै

जे झालं ते झालं.

मधल्या सुट्टीत स्टाफरूम भरलेली होती. मी पद्माताईंना म्हटलं, “मॅडम, माझ्या टेबलाशी कोण जातं हे तुम्हालाच माहीत असणार.” त्या डब्यातलं थालीपीठ मोडत होत्या. म्हणाल्या, “मॅडम कधीपासून झाले मी?”

“चार पिशव्या फुटल्या. गाठी शाबूत. कोणीतरी टोचल्याशिवाय असं होत नाही.”

“म्हणजे मी टोचल्या?”

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. सगळ्यांचे घास हातात थांबले. इतिहासाचे जीवन सर उगीच खिडकीबाहेर बघू लागले.

पद्माताईंनी हातातला तुकडा डब्यात परत ठेवला. “पिशवी बाहेरून फुटली की आतून, ते आधी बघ. मग माणसांवर ये.”

मी म्हटलं, “मला शिकवू नका. तुम्ही अर्ध्यावर सोडलंत, मी सोडणार नाही.”

डबा बंद करून त्या निघून गेल्या. मी खरं बोलले असं मला तेव्हा वाटलं. आताही वाटतं. फक्त शेवटचं वाक्य नको होतं.

१९ जुलै

बीकर, उरलेल्या पिशव्या, सगळं त्यांच्या प्रयोगशाळेतून उचलून आणलं. तुळशीरामकडून घेतलेली चावी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्या वर्गात होत्या.

२ ऑगस्ट

यज्ञेश्वर सरांसारखे मार्गदर्शक मिळायला नशीब लागतं. आमचे विभागप्रमुख, आणि माझ्या प्रबंधावर त्यांची सही लागते. आठवडाभर मुंबईत होते, एका कागद गिरणीच्या लोकांशी बोलणी चालली आहेत. मांडव्याला रो-रो बोटीतून उतरले ते घरी न जाता थेट कॉलेजात आले. मी पिशव्यांची सगळी कथा सांगितली, पद्माताईंसकट. सर शांतपणे ऐकत होते. मधे एकदाच विचारलं, “भोकं कशी होती? फाटल्यासारखी की झिजल्यासारखी?”

“झिजल्यासारखी, सर.”

त्यांनी बॅगेतून गाळण्याच्या नळ्या काढल्या. त्या नळ्यांतलं गाळायचं पटल वेगळ्याच प्लास्टिकचं असतं, सेल्युलोजचं नाही. “पिशव्या सोड. ही वापर, प्रश्न मिटेल. आणि स्टाफरूममधल्या भानगडी नको. काम कर.”

स्वतःच्या खर्चाने आणल्या होत्या. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

२० ऑगस्ट

प्रश्न मिटला. नव्या नळीतून थेंबही वाया गेला नाही. मग शुद्धीकरणाचा कॉलम, मग प्रथिनं वेगवेगळी करून दाखवणारी जेल. आज जेल रंगवून काढली तर निळी रेघ एकच, म्हणजे विकर शुद्ध. बराच वेळ प्रकाशावर धरून बसले. सत्तर अंशाला, साडेसहा सामूला काम सगळ्यात जोरात. तासभर सत्तरला ठेवलं तरी निम्म्याहून जास्त जोर शिल्लक. सेल्युलेजची चाचणीही सत्तरलाच, साडेसहालाच पुन्हा केली. शून्य.

सरांनी एका परिषदेला सारांश पाठवून दिला: ‘उष्णताप्रिय बुरशीतील सेल्युलेजमुक्त झायलनेज’. पहिलं नाव त्यांचं. तसा रिवाज आहे.

आणि हेही नोंदवते: बीकर पद्माताईंच्या प्रयोगशाळेतून हलवल्यापासून एकही नमुना वाया गेलेला नाही. याचा अर्थ कोणीही लावावा.

१२ सप्टेंबर

गणपतीनंतर कॉलेज सुरू झालं. दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात एका मुलीने तापमानही बदललं आणि सामूही बदलला, आणि वर म्हणाली, “मॅडम, तापमानामुळे फरक पडला.” मी तिला सगळ्यांसमोर झापलं. “एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कशामुळे काय झालं हे तुला कोण सांगणार? तुझे आजोबा?”

वर्ग हसला. माझ्या हातातला खडू तसाच राहिला.

मी जागा बदलली. आणि पिशवीही बदलली. मधे एकही जुनी पिशवी लावून बघितली नाही.

१३ सप्टेंबर

उरलेल्या कोऱ्या पिशव्यांतल्या दोन कापून घेतल्या. एकीत नुसतं द्रावण भरलं, दुसरीत माझं कॉलमआधीचं विकर. दोन्ही माझ्याच कपाटात ठेवून कुलूप लावलं, चावी पर्समध्ये. बीकर मधून मधून हाताने हलवायला मीच कपाट उघडते. तुळशीराम बघत होता. म्हणाला, “आता कोनावर संशय, म्याडम? कपाटावर?”

१५ सप्टेंबर

नुसत्या द्रावणाची पिशवी टणक आहे. विकराची लोळली आहे. गाठी शाबूत.

कपाटात पद्माताई गेल्या नव्हत्या.

पिशवी सेल्युलोजची. सेल्युलोजला काय खातं हे मी पंधरा वर्षं फळ्यावर लिहिते आहे.

१६ सप्टेंबर

सेल्युलेजची चाचणी या वेळी पन्नास अंशाला केली, पिशवी ज्या द्रावणात ठेवते त्याच साडेसहा सामूला, म्हणजे बदललं ते फक्त तापमान. अभिक्रियाकारक पिवळं असतं, सेल्युलोज खाल्लं जाऊन साखर सुटली असेल तर उकळल्यावर विटकरी होतं. उकळत्या पाण्यात नळी ठेवली आणि मी त्या वेळी चक्क प्रार्थना केली की ते पिवळं राहू दे. असली प्रार्थना करणारी बाई काय मोजमाप करणार.

लालभडक झालं.

शुद्ध केलेल्या विकरातही थोडं झालं. म्हणजे जेलवरची ती एक रेघ एकटी नाही. दुसरं विकर तिच्याच मागे लपलं आहे. सत्तरला ते टिकत नाही, म्हणून सत्तरला सापडत नव्हतं. जिथे ते मरतं तिथेच मी त्याला शोधत होते आणि ‘नाही’ म्हणून लिहून मोकळी होत होते. सत्तर का निवडलं? कारण माझ्या झायलनेजला सत्तर आवडतं. त्याच्या आवडीचं तापमान मी सगळ्यांवर लादलं.

पद्माताईंना काय तोंड दाखवू?

१८ सप्टेंबर

सरांना सांगितलं. त्यांना धक्का बसेल म्हणून मी रात्रभर वाक्यं जुळवली होती. धक्का बसला नाही.

“सत्तरला शून्य आहे ना?”

“हो सर, पण पन्नासला…”

“मग सत्तरला सेल्युलेजमुक्तच आहे. यात खोटं काय? तापमान कंसात टाकू.”

“गिरणीत लगदा तापताना पन्नासवरूनच जाणार, सर. तेव्हा धागे खाल्ले जातील.”

“ते गिरणी बघेल. तुझी मुदत डिसेंबरपर्यंत आहे. शीर्षक बदलायचं तर पुन्हा समितीपुढे जावं लागेल. तुला पीएच.डी. हवी आहे की पिशवी?”

तेव्हा मला ऑगस्टमधली ती एक विचारणा आठवली: फाटल्यासारखी की झिजल्यासारखी. मी म्हटलं, “सर, नळ्या दिल्यात तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

सर हसले. हसले, हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. “मार्गदर्शकाला सगळं माहीत असावं लागतं. तू खूश होतीस, मी कशाला मधे बोलू?”

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. ओरडले नाही, बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले. एका बाईला मी सगळ्यांसमोर चोर ठरवलं, आणि हा माणूस खरं काय ते माहीत असून मला म्हणाला, स्टाफरूममधल्या भानगडी नको. त्यांच्या पटलामुळे प्रश्न मिटला नाही, दिसायचा बंद झाला.

आणि तरीही: चार पिशव्या डोळ्यांसमोर झिजल्या आणि मला माणूस दिसला, विकर दिसलं नाही. तो दोष सरांचा नाही.

२२ सप्टेंबर

रविवार. नागावला गेले. पद्माताई मागच्या दारी सोललेल्या सुपाऱ्या निवडत बसल्या होत्या. बस म्हणाल्या नाहीत, मी पायरीवर बसले. सगळं सांगितलं. सत्तर, पन्नास, लाल रंग. त्या सुपाऱ्या निवडत राहिल्या, चांगली इकडे, किडकी तिकडे.

“म्हणजे आमच्या भाडेकरूचे दात निघाले.”

“मला माफ करा, पद्माताई.”

“ताई झाले वाटतं परत.” मग एक किडकी सुपारी बाजूला टाकून: “मला कळलं होतं असं नाही हो. सहज म्हटलं मी, आतून की बाहेरून. बाटली फुटली की आम्ही आधी तेच बघतो.”

“मी चुकले.”

“ते मला सांगायला पाच मैल आलीस. बोललीस तेव्हा मात्र मी पाच फुटांवर होते आणि मधे बारा माणसं होती. त्यानंतर दोन महिने मी डबा वर्गात खाते, माहीत आहे? जीवन सर मला बघून खिसा चाचपतात, गमतीने. गमतीनेच. पण चाचपतात.”

मला हे माहीत नव्हतं. कारण मी बघत नव्हते.

निघताना पाणी दिलं. चहा विचारला नाही. बरोबर केलं.

२१ ऑक्टोबर

प्रबंध देण्याआधीचं सादरीकरण झालं. समितीत बाहेरचे दोघे प्राध्यापक. मी सरांना न विचारता शीर्षकातला ‘सेल्युलेजमुक्त’ शब्द काढला आणि दोन्ही तापमानांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. बोलताना सरांकडे बघितलं नाही.

बाहेरच्यांपैकी एक बाई म्हणाल्या, “हा प्रामाणिक निष्कर्ष आहे. अनेक जण एकाच तापमानाला बघून मोकळे होतात. हे कसं लक्षात आलं?”

मी तोंड उघडायच्या आत सर बोलले. “मी ऑगस्टमध्येच हिला पटल बदलायला सांगितलं होतं. पिशवीची झीज ऐकली आणि मला शंका आलीच.”

यातला एकही शब्द खोटा नाही. म्हणूनच माझ्या अंगाची आग झाली. बाईंनी सरांचं अभिनंदन केलं. समितीने नवं शीर्षक मंजूर केलं. मी पास झाले आणि मला खुर्ची फेकावीशी वाटत होती.

मला अजून त्यांची सही लागते. म्हणून मी गप्प बसले. हे कारण लिहून ठेवलं की आणखी वाईट दिसतं.

हितेश म्हणाला, “डिलिव्हरी झाली ना? मग ड्रायव्हरचं नाव कोण बघतो? सोड ना.”

सासूबाई म्हणाल्या, “त्या पद्मीला इचारलंस का, ती काय म्हनं?”

२३ ऑक्टोबर

मधली सुट्टी. दिवाळीच्या आधीची गडबड, पेपर तपासणीच्या वाटणीसाठी सगळे हजर. सरही. पद्माताईंना मीच वर्गातून बोलावून आणलं, कशाला ते सांगितलं नाही.

जीवन सर म्हणाले, “अभिनंदन कल्पिता मॅडम, सरांनी म्हणे नेमकी चूक पकडली.”

मी उभी राहिले. वाक्यं जुळवून नेली नव्हती.

“सरांनी पकडली असेल, पण मला सांगितली नाही. मला एक महिना खोटं लिहू दिलं. ते राहू दे. जुलैमध्ये याच खोलीत मी म्हटलं की पद्माताईंनी माझ्या पिशव्या फोडल्या. पिशव्या माझ्या विकराने फोडल्या. ताईंनी तेव्हाच सांगितलं होतं की आतून बघ. मी त्यांना वर टोमणा मारला. मी खोटं बोलले होते आणि ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं, म्हणून हेही ऐका.”

जीवन सरांचा हात खिशाकडे जाता जाता राहिला. सरांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधला, नाडीची गाठ दोनदा मारली आणि दारातून जाताना म्हणाले, “प्रबंधाचं तिसरं प्रकरण मला पुन्हा नीट बघावं लागेल. सहीची घाई करू नका.”

पद्माताई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “ऐकलं मी. राग गेलेला नाही. दिवाळी होईपर्यंत तरी राहील. ढवळायचं यंत्र मात्र रिकामं आहे, आजपासून लाव.”

“ताई, सर सही करणार नाहीत बहुतेक.”

“मग तिसऱ्या प्रकरणात त्यांना बोट ठेवायला जागा ठेवू नकोस. पिशव्यांचे फोटो आहेत?”

नव्हते. चारही पिशव्या मी रागाने फेकून दिल्या होत्या, आणि कपाटातली त्यांच्या मागोमाग, लाजेने.

संध्याकाळी नवी पिशवी भरली, दोन गाठी मारल्या आणि त्यांच्या टेबलावर बीकर लावला. शेजारी नुसत्या द्रावणाची दुसरी. दर चार तासांनी फोटो घ्यायचा आहे. मी आणि त्या आळीपाळीने घेणार, तुळशीरामने दाराची जबाबदारी घेतली आहे. मी सरांवर अजून संतापलेली आहे आणि ते डिसेंबरपर्यंत काय करतील हे मला माहीत नाही.

परवा सकाळी ती पिशवी फुटलेली असू दे.